उतरणारा पट्टा

मी मेहकरकडच्या एका कापसाच्या जिनात मशीनवर होतो. त्या वर्षी मी रागानं नुसता धुमसत असायचो. माझ्या रेच्याचा, म्हणजे सरकी काढायच्या मशीनचा, चामडी पट्टा जुना होऊन ताणला होता. दिवसातून चारदा तो चाकावरून उतरायचा, मशीन थांबायचं आणि सगळ्यांदेखत दिवाणजी मला कामचुकार म्हणायचे. नवा पट्टा मागून माझं तोंड दुखलं. दर शनिवारी बालाजीला जाणारा मी, देवळात जायचंच सोडलं. ज्याला साधा पट्टा देववत नाही, त्याच्यापुढं हात कशाला जोडायचे?

खांडेनवमीला मशीनची पूजा मीच केली. कुंकू लावायला दात्यांच्या चाकांवरची लोखंडी जाळी काढली. आमच्याकडे यंत्राचं कुंकू आपणहून झडेपर्यंत झाकत नाहीत, म्हणून दसऱ्यानंतर काम सुरू झालं तरी जाळी भिंतीलाच टेकून राहिली. खरं सांगायचं तर त्यात रागही होता. दिवाणजींना दिसेल तेव्हा त्यांनीच लावावी, असं मनात होतं. माझ्या रेच्यात कापूस घालणारी शेवंताबाई बौद्ध वस्तीतली, विधवा, तोंडानं फटकळ. ती दोनदा म्हणाली, जाळी लावा. मी खेकसलो, कुंकवावर झाकण घालू काय? ती शांतपणे म्हणाली, "कुंकू तुमचं हाये भाऊ. हात माहा हाये."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा पदर त्या दात्यांत गेला. सोडवायला तिनं हात घातला आणि बोटं आत ओढली गेली. मशीन बंद करायचा खटका माझ्यापासून दहा पावलांवर. मी धावलो, पण पोचणार नाही हे पहिल्याच पावलाला कळलं होतं. तेवढ्यात मागं फट्‌ असा ओळखीचा आवाज झाला आणि चाकं थांबली. पट्टा उतरला होता.

दोन बोटं गेली, हात वाचला. संध्याकाळी दिवाणजींनी कागद पुढं केला. बाई बोलण्यात गुंग होती, पदर मोकळा होता, चूक तिचीच, असं त्यात लिहिलं होतं. चूक तिची ठरली की तिचं काम जाणार, हे मला ठाऊक होतं. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. ते हळूच म्हणाले, "सही कर. नवा पट्टा उद्याच आणतो." मी सही केली. हे लिहिताना आजही माझा हात मला परका वाटतो.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा चढला. दिवसभरात एकदाही उतरला नाही. तो जितका नीट फिरत होता, तितकी माझ्या अंगाची आग होत होती. दिवाणजींचा राग, देवाचा राग आणि सगळ्यांखाली माझा स्वतःचा. सुटी होताच दवाखान्यात गेलो. शेवंताबाईला सहीचं अजून कळलं नव्हतं. हाताला एवढी पट्टी बांधलेली, तरी मला बसायला जागा करत म्हणाली, "पट्टा उतरला म्हून वाचली भाऊ. आता त्याले शिव्या नका देत जाऊ."

मी तिथूनच बालाजीच्या देवळात गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण हात जोडून उभा राहिलो. मी वर्षभर ज्याला शिव्या दिल्या, तो पट्टाच माझ्या पापाच्या आड येऊन उभा राहिला होता. सकाळी दिवाणजींसमोर सांगितलं, जाळी मी काढली, मीच लावली नाही, कागद पुन्हा लिहा. ते पुष्कळ ओरडले. मी हललो नाही. शेवटी कागद बदलला. शेवंताबाईचं काम राहिलं, मला मशीनवरून काढून कापसाच्या गाठी उचलायला लावलं. बालाजी, ती शिक्षा तू हलकीच दिलीस.

त्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा माझ्या देवघरात आहे. शेवंताबाई त्याला देव मानत नाही, आणि मी तिला तसं कधी म्हटलंही नाही. आजही एखादं काम अडलं की आधी राग येतोच. मग त्या तुकड्याला हात लावतो आणि विचारतो, बाबा, आता कोणाचा हात आत आहे?