मांदेलीला लाल ठिपका

आमच्या घरात मासे आणायचं काम आईचं आणि खायचं माझं. ही वाटणी मी शाळेत असल्यापासूनची. पुढे मी इंजिनियर झाले, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची चार टेबलांची कंपनी उभी राहिली, चाळिशी आली, चष्मा आला, तरी वाटणी बदलली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ इथेच आहे.

ॲपची कल्पना माझी नव्हती. ऑफिसमध्ये माझ्या समोर बसणारा मित्र घाटकोपरहून येतो. त्याची बहीण कपड्यांच्या एका दुकानात कामाला होती आणि तिथे विक्रीच्या मुलींना दिवसभर बसायची परवानगी नव्हती. बसायला स्टूलच ठेवलेलं नव्हतं. संध्याकाळी तिच्या पायांना सूज यायची. एक दिवस डबा खाताना तो म्हणाला, "यार, आपण दिवसभर लोकांनी अजून माल घ्यावा म्हणून सॉफ्टवेअर लिहितो ना? एक तरी असं लिहू, की घ्यायच्या आधी माणूस जरा विचार करेल."

मला ते एकदम पटलं. मला बऱ्याच गोष्टी एकदम पटतात, तो माझा जुना दोष आहे.

तर आम्ही उपनगरांचा एक नकाशा केला. त्यात दुकानं, हातगाड्या, भाजीवाले, सगळे. सभासदांनी जायचं, बघायचं, विचारायचं आणि नोंद करायची: कामगारांना बसायला जागा आहे का, वजनकाटा खरा आहे का, पिशव्या कसल्या देतात. उत्तरांवरून त्या ठिकाणी हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका उमटायचा. सगळ्यांनी मिळून लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून सुधारायचं. सुरुवातीला कोणीही कोणाचाही ठिपका बदलू शकायचं. मग एका मिठाईवाल्याच्या जावयाने एका दुपारीत सासऱ्याला लालचा हिरवा करून टाकला. तेव्हा मी नियम केला, की नवा ठिपका लावायला एक सभासद पुरेल, पण लागलेला ठिपका बदलायला तीन सभासद लागतील आणि त्यातला एक तो पहिल्यांदा लावणाराच असला पाहिजे. या नियमाचा मला भयंकर अभिमान होता. भेटेल त्याला सांगायचे.

आमची सर्वांत उत्साही सभासद म्हणजे बोरिवलीत आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त. मला आठवीत त्यांनीच बेडकाचं पोट दाखवलं होतं. पक्क्या शाकाहारी, पण मासळीचा विभाग त्यांनी मागून घेतला. म्हणाल्या, "मासे खाणाऱ्या माणसाला माशांबद्दल निःपक्षपाती राहता येत नाही." यावर काय बोलणार?

मासळीचे प्रश्न मी एका शुक्रवारी सकाळी एका बैठकीत लिहून काढले. माशांची पिल्लं अंडी घालायच्या वयाची होण्याआधीच पकडली तर समुद्र रिकामा होतो, हे मी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. म्हणून मी लिहिलं: मासा वीतभरापेक्षा लहान असेल तर ते पिल्लू, आणि पिल्लं विकणाऱ्याला लाल. झालं. डोळ्यांसमोर पापलेट होतं, सुरमई होती. मग मी डबा उघडला. डब्यात तळलेली मांदेली होती. शपथेवर सांगते, मांदेलीच होती. बोटाएवढी, कुरकुरीत. मी ती काट्यासकट चावून खाल्ली आणि पुढच्या कामाला लागले.

आमच्या इमारतीच्या गेटच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, गोराईहून येणाऱ्या मासेवाल्या मावशी बसतात. सकाळच्या बोटीने खाडी ओलांडून यायचं, टोपली ठेवायची, अकरापर्यंत टोपली रिकामी करायची. तीस वर्षं झाली. बसतात म्हणताना मला हेही आठवतं, की आमच्या गेटला वॉचमन नव्हता तेव्हा मावशी होत्या. बाईंनी त्यांच्याकडे जाऊन स्टीलची फूटपट्टी काढली आणि एकेक मांदेली मोजली. मावशींना वाटलं, नवं गिऱ्हाईक फारच चोखंदळ आहे. त्या उलट म्हणाल्या, "घ्या बाय, मोजून घ्या, ताजी हाय." बाईंनी घरी येऊन इमानदारीने नोंद केली. नकाशात मावशींच्या जागेवर लाल ठिपका पडला.

मला हे कळलं ते आईकडून, आणि तेही चांगल्या शब्दांत नाही. सोमवारी मी ऑफिसातून आले तर जेवायला नुसती डाळ. मी विचारलं, मासे नाही मिळाले? आईने पातेल्यावर झाकण आपटलं.

"तुझ्या मोबाईलाक मासो कळता काय गो?" ती म्हणाली. एरवी ती माझ्याशी साधं बोलते. मालवणीवर आली की समजायचं, आपली वाट लागली. "तिच्या टोपलेकडे माणूस फिरकाक नाय. नव्या विंगेतले येतत, मोबाईल बघतत आणि जातत. ती माका विचारता, माझा चुकला काय? मी काय सांगू?"

त्याहून वाईट गोष्ट तिने शेवटी सांगितली. नव्या विंगेतल्या काही लोकांना गेटजवळचा वास आधीपासून नको होता, फक्त बोलायला निमित्त नव्हतं. आता ते मिळालं होतं. येत्या रविवारच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मावशींना तिथून उठवायचा विषय घेतला होता आणि पुरावा म्हणून आमच्या ॲपचा लाल ठिपका छापून जोडला होता.

रात्रभर मला फार ओशाळल्यासारखं वाटलं. दुकानातल्या मुलीला बसायला मिळावं म्हणून आम्ही जे बांधलं, ते तीस वर्षं बसलेल्या बाईला उठवायला निघालं होतं.

सकाळी ऑफिसमध्ये मी आधी नियम बदलला. पण नियम बदलला तरी लागलेला ठिपका तसाच राहतो, ही सोयही मीच केलेली. मग मी डेटाबेस उघडला. एक ओळ लिहिली की ठिपका गायब, कोणाला पत्ताही लागला नसता. ओळ लिहून झाली होती. मित्र मागे चहा घेऊन उभा होता.

"उडव ना," तो म्हणाला. मग एक घोट घेऊन म्हणाला, "पण मग त्या जावयात आणि तुझ्यात फरक काय गं?"

मी ओळ खोडली. त्याचा मला तेव्हा मनापासून राग आला होता.

उरल्या बाई. मी दुसऱ्या मजल्यावर गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियम तुझा होता, माप माझं. माझं माप चुकलंय का?"

"नाही."

"मग ती पिल्लं नाहीत, मोठी आहेत, हे मला दाखव. दाखवलंस की मी लगेच बदलते."

आणि मला दाखवता येईना! मांदेली केवढी होते, कधी अंडी घालते, मला काहीही माहीत नव्हतं. जन्मभर खाल्ली, पण टोपलीतून कधी उचलली नाही. लोकांनी खरेदी कशी करावी याचं ॲप मी लिहिलं होतं, आणि घरात स्वतः कधी खरेदी केली नव्हती. जे लागेल ते दाराशी येतं, उरलेलं आई आणते.

शेवटी आईच म्हणाली, "चल. जिचं आहे तिलाच विचार."

शनिवारी सकाळी आम्ही तिघी गेटवर गेलो. आई पुढे, मधे मी, मागे नाकाला पदर लावून बाई. मावशी माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. मी काय झालं ते सगळं सांगितलं, नियम मी लिहिला होता हेही सांगितलं. त्यांनी टोपलीतली एक मांदेली उचलली, कोयत्याला लावून पोट उघडलं आणि आतली गाभोळी बोटावर घेऊन बाईंसमोर धरली. इवलीशी, पिवळसर, अंड्यांनी भरलेली.

बाई वाकल्या. पदर कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. चष्मा वर करून त्यांनी जवळून बघितलं, अगदी आठवीच्या वर्गात बघायच्या तसं.

"अगं, ही तर आई आहे," त्या म्हणाल्या.

"हिची उंचीच येवढी," मावशी म्हणाल्या. "मी बघा, पाच फूट पन नाय. म्हनून मी काय पोर हाय?"

आई आधी हसली, मग बाई हसल्या. मावशींनी मग शिकवायलाच घेतलं. मांदेली केवढी, बोंबील केवढा, करंदी केवढी. पापलेट तळहातापेक्षा लहान असेल तर ते पिल्लू, ते घेऊच नये. त्या बोटांनी माप दाखवायच्या, बाई फूटपट्टी लावायच्या, मी उलट्या क्रेटवर बसून लिहायचे. एका सकाळी आमचा मासळी विभाग खरा झाला. बाईंनी तिथेच उभं राहून ठिपका हिरवा केला, मग मी, मग ऑफिसातल्या मित्राने घाटकोपरहून.

सगळं आवरताना मावशी म्हणाल्या, "येवढं सगळं लिवलं ते बरं केलं. पन मना आदी का नाय विचारलं?"

ॲपमध्ये बघणाऱ्याला जागा होती, घेणाऱ्याला होती, विकणाऱ्याला नव्हती. पुढच्या आठवड्यात ती केली, आणि विकणारे सभासद होऊ लागले. मावशींच्या फोनवर मीच सगळं बसवून दिलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये मला तोंड उघडावंच लागलं नाही. छापलेला लाल ठिपका वाचून दाखवला गेला तेव्हा बाई उठल्या, आजचा हिरवा दाखवला आणि माशांचं प्रजनन या विषयावर असा काही तास घेतला की सेक्रेटरींनी घाईघाईने पाण्याच्या टाकीचा विषय काढला. वासाची तक्रार अजून आहे. मावशीही आहेत.

हे सगळं होऊन दोनेक महिने झाले असतील. एका सकाळी मी दात घासत होते, तर मावशींचा फोन.

"आज माज्या टोपलीला लाल लाव," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पुन्हा काही झालं. "का? काय झालं मावशी?"

"पापलेट हाय, पन सगली पोरं. तलहाताच्या आत. आज लिलावात दुसरं काय नव्हतंच."

"मग नका ना घेऊ."

"घेतली ना आता. मेलेलं म्हावरं पान्यात सोडलं तर जगतं काय? घरात खानारी तोंडं हायेत. इकनार मी. पन लाल लाव."

मी म्हटलं, मावशी, एकदा लाल पडला की लोक येत नाहीत, तुम्ही बघितलंय. त्या म्हणाल्या, ते मना सांगू नको, मी बसलेय तिथं. मग मी नियमाचा आधार घेतला: ठिपका बदलायला तीन जण लागतात, आणि त्यात बाई हव्यातच.

"बायना बोटीतनं फोन केला. त्यांनी दाबलं. मी पन दाबलं. तूच राह्यलीस."

दीड वर्षात आम्ही कितीतरी ठिपके लावले होते. लाल झालेले दुकानदार भांडले होते, एकाने वकिलाची भीती घातली होती, जावयाचं तर सांगितलंच. स्वतःहून लाल मागणारं माणूस हे पहिलंच होतं, आणि लालचा अर्थ तिच्याइतका आमच्यात कोणालाच माहीत नव्हता.

मी लाल दाबलं. मग तोंड धुतलं, आईच्या हातातून पिशवी घेतली आणि खाली गेले. गेटवर अजून कोणी नव्हतं. पापलेटची पिल्लं एका बाजूला वेगळी मांडली होती, मधे मांदेलीचा ढीग. मावशींनी आधी माझ्या मागे आई येतेय का ते बघितलं.