तोयोबाईंचा पडदा

तोयोबाईंसारखं डूख धरणारं माणूस मी क्योतोत दुसरं पाहिलं नाही, आणि आम्हा विद्यार्थ्यांना त्या त्यासाठीच आवडायच्या.

त्यांचं घराणं बागवाल्यांचं. पुरलेल्या रांजणासाठी त्यांचं नाव होतं. बुडाला भोक पाडून तो हात धुण्याच्या दगडाशेजारी जमिनीत पालथा पुरायचा. वरून पाणी झिरपलं की आत थेंब पडतात आणि जमिनीखालून घंटेसारखा नाद येतो. रांजण बसवताना वडील भोवती गवती चटयांचा पडदा बांधत. आत सोबत फक्त थोरला मुलगा गेन्जिरो. तोयो बाहेर, बांबूची पळी घेऊन. "ओत" म्हटलं की पडद्याखालून आत जाणाऱ्या पन्हळीत ओतायचं, "पुरे" म्हटलं की थांबायचं. एकदा तिने फटीला डोळा लावला, तर गेन्जिरोने तीच पळी तिच्या डोक्यात हाणली.

"बाईची सावली पडली की पाणी मुकं होतं, अवदसे!"

वडील गेल्यावर त्याने तिला घराबाहेरच काढलं.

ती कुंभारांच्या गावी राहिली. तडकलेले रांजण मागून आणायची, पुरायची, उकरायची. नाद सापडला तोवर केस पिकले होते. शहरात तेव्हा बागशाळा निघाली होती. उस्तादाच्या अंगणात वर्षानुवर्षं झाडू न मारता फळ्यावर बाग शिकता येते, हे ऐकूनच घराण्यांनी नाकं मुरडली. तोयोबाई तिथे शिक्षिका झाल्या. "घराण्याचं गुपित मी चव्हाट्यावर आणणार," असं त्या भर वर्गात सांगत.

शाळेत रांजण बसवायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी जुने बागवाले बोलावले. गेन्जिरोही आला, अंगरख्याच्या पाठीवर घराण्याचं चिन्ह मिरवत. अंगणात चटयांचा पडदा पाहून म्हातारा खुलला.

"शेवटी रीत पाळलीस म्हणायची!"

"पाळणारच की, दादा."

त्यांनी आम्हाला आत घेतलं, मुलींना आधी. मग सगळे पाहुणे. गेन्जिरो आत निघाला तसा बाईंनी हात आडवा केला, कमरेत वाकल्या आणि पळी त्याच्या हातात दिली.

"तुम्ही बाहेर. म्हटलं की ओतायचं."

"मी? माझ्याच घराण्याचा रांजण..."

"लोक खोळंबलेत, दादा."

चारचौघांत नाही म्हणणं क्योतोच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं. तो उभा राहिला.

आत बाईंनी सगळं उघड केलं, मुद्दाम मोठ्याने: तळाशी पाणी किती ठेवायचं, खडी कुठे भरायची. मुली खड्ड्यावर ओणवल्या होत्या.

"ओत!" बाई वडिलांच्या आवाजात ओरडल्या.

रांजण लख्ख वाजला. "पुरे" मात्र त्या म्हणाल्याच नाहीत. बाहेर म्हातारा ओततच राहिला.