एका घरची एक पेंढी

बोरगावच्या वाटेवरच्या आमच्या शेतात संत्र्याची कलमं लावली, तेव्हा मी नागपूरच्या वसतिगृहात होते. आईचं सगळं तरुणपण दुसऱ्यांच्या बागांत संत्री तोडण्यात गेलं होतं. वडिलांना सौंसरला सरकारी नोकरी लागली, पुढे हा तुकडा घेतला, आणि पावसाळ्यात तिने स्वतःच्या हातांनी खड्डे भरले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा कलमं गुडघ्याला लागत होती आणि खोडं करंगळीएवढी होती.

वैशाखात पानं होडीसारखी वळू लागली. आई दिवस कलल्यावर पाणी द्यायची. ते खोडाला लागू नये म्हणून बाहेरच्या आळ्यात सोडायची. तरी मावळतीकडच्या बाजूने कोवळी साल तडकू लागली. संत्र्याच्या कलमाला पहिल्या उन्हाळ्यात तुराट्यांची खोपी करतात. तुरीच्या वाळलेल्या काड्या तिन्ही अंगांनी उभ्या बांधायच्या आणि उगवतीची बाजू मोकळी ठेवायची. आईने अशा खोप्या आयुष्यभर बांधल्या होत्या, पण मालकाच्या तुराट्यांनी. तुराट्या हिवाळ्यातच राखून ठेवाव्या लागतात, हे बघणं तिच्याकडे कधी आलंच नव्हतं. आमच्या शेतातल्या तुराट्या घरच्यांनी बंबात घातल्या होत्या. हिवाळाभर सगळ्यांनी ऊन ऊन पाण्याने आंघोळी केल्या.

"माह्यी बाग न्हानीतून वाहून गेली," आई म्हणाली. हसत म्हणाली, पण त्या रात्री जेवली नाही.

बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. खिरीसाठी दूध, तांदूळ, साखर मागायला आमच्या वस्तीतल्या बाया घरोघर फिरायच्या. आत्या त्यांची पुढारी. जाताना तिने मला हाताला धरून उठवलं.

"चाल. खिरीचं मी मागतो, तुराट्याचं तू माग. सगळ्याइच्या घरी चुलीपाशी पेंढ्या पडल्या हायेत."

"आत्या, मला नाही जमणार."

"कावून? इंग्रजी शाळेत तोंड शिवून धाडते का?"

मला ओळखीच्या माणसांशी बोलतानाही घाम फुटायचा. चालता चालता मी वाक्य जुळवत होते. पहिल्याच दारात एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. मी ते वाक्य म्हटलं, "आजी, आमच्या झाडांना सावलीची आवश्यकता आहे."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "आवश्यकता म्हंते व पोरगी! दारात रेडिओच लागला न माय."

बाया खो खो हसल्या. वाटलं, मागे फिरावं. पण डोळ्यांसमोर ती तडकलेली साल आली आणि तोंडातून एकदम घरातली बोली निघाली. "आजी, आईचे झाडं जळून राह्यले. एक पेंढी द्या."

हसणं थांबलं. म्हातारी उठली, आत गेली, आणि चुलीमागची पेंढी घेऊन आली. एक नाही, दोन आणल्या. मग तीही आमच्यासोबत निघाली, आणि पुढच्या दारी तिनेच माझ्या आधी सांगून टाकलं, "हिच्या मायच्या झाडाइले पाह्यजे. काढ."

कोणी पेंढी दिली, कोणी अर्धी. एकीने गोठ्याच्या छपरातून ओढून काढली आणि वर सांगितलं, "पाऊस आला का आमची म्हैस तुमच्या घरी बांधतो." पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि त्या पांढऱ्या लुगड्यांतच बाया तुराट्यांच्या बैलगाडीमागून शेतावर आल्या. आई प्रत्येक कलमाशी बसून दाखवायची, इथून वारा जाऊ द्या, इथून ऊन अडवा. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या झाडांची खोपी बांधत होती. मी सुतळी कापून देत होते. बोलायला लागत नव्हतं, आणि तरी मी त्यांच्यातली होते.

संध्याकाळची खीर गोवऱ्यांवर शिजली, कारण तुराट्या शेतात गेल्या होत्या. ती इतकी धुरकट झाली की लहान मुलं तोंड वाकडं करत होती. आईने दोनदा मागून घेतली.

काही कलमं तरीही गेली. बरीच वाचली. काही वर्षांनी, यंदा त्यांना पहिली फळं धरली. आईने ती कोणाला विकू दिली नाहीत. टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ज्या दारातून पेंढी आली त्या दारी जाऊन ये. या वेळी आत्या सोबत नव्हती.

म्हातारीला आता कमी दिसतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले, तरी तिने ओळखलं.

"बोल व रेडिओ, आता कायची आवश्यकता हाय?"

"कायची नाही, आजी. हे खाऊन पाहा."

तिने सावकाश सोललं, एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले.

"आंबट हाय," ती म्हणाली, आणि टोपलीत चाचपून दुसरं घेतलं.