आधी अक्काला वाचून दाखव

मगदूम बाई गेल्या त्या सकाळी मी त्यांना पाळणाघराचा अहवाल फोनवर पाठवला होता. उत्तर त्यांच्या सुनेकडून आलं, ‘आई पहाटे गेल्या.’ तरी मी वेड्यासारखी फोनकडं बघत बसले... आता बाईंचा फोन येईल आणि त्या ओरडतील, “तिसऱ्या पानावर काय लिवलंयस गं हे?” महिना उलटला. अजून त्या ओरडण्याची सवय सुटत नाही.

कबनूरला यंत्रमागावर राबणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आमच्या संस्थेचं पाळणाघर आहे. मी तिथं मुलं सांभाळायची. एका वर्षी कळलं की मार्चनंतर अनुदान बंद. पुन्हा हवं तर नवा प्रस्ताव लिहा. लिहिणार कोण? संस्थेत पदवीधर मी एकटी, आणि मला तर साधा रजेचा अर्ज लिहितानाही घाम फुटायचा! पाळणाघर बंद पडलं असतं तर पोरं पुन्हा मागाच्या खडखडाटात आणि मी घरी. कुणीतरी सांगितलं, कसबा बावड्यात मगदूम बाई म्हणून एक निवृत्त बाई आहेत, जन्मभर संस्थांचे प्रस्ताव लिहिले, फुकट शिकवतात, पण तोंडानं फटकळ. गेले.

“रडगाणं नको,” पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं. “पोरं किती, झोपत्यात कुठं, बघतंय कोण, आणि अनुदान आलं तर काय बदलंल, तेवढं सांग की.” हजेरीपत्रक कसं ठेवायचं, कुठला कागद कशाला जोडायचा, अहवाल मुदतीआधी का द्यायचा, सगळं त्यांनी घोटून घेतलं. माझी पानंच्या पानं लाल शाईनं भरायची. जाम राग यायचा मला.

शेवटी एक जुना नमुना मिळवून मी झोकात प्रस्ताव लिहिला: ‘निराधार, दुर्बल व वंचित महिलांच्या...’ बाईंनी वाचला. लाल रेघ एकही नाही! मी मनात हुरळले. त्या म्हणाल्या, “आता ज्यांच्यासाठी मागतीयस त्यातली एक बाई घेऊन ये. तिला मोठ्यानं वाचून दाखव.”

रविवारी शांताक्काला नेलं. अक्का मागाच्या कांड्या भरते, म्हणजे कांड्यांवर सूत गुंडाळते, तिची नात आमच्या पाळणाघरात. बाईंच्या टेबलाशेजारच्या लाकडी स्टुलावर ती बसली आणि मी वाचायला लागले. पहिल्या ओळीलाच अक्का ताडकन उठली.

“निराधार कुणाला म्हणतीस गं? नवरा मेला तवापास्नं कांड्या भरून दोन पोरी शिकीवल्या मी. कुणाच्या दारात गेलो न्हाय!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू लपवायला मी सरळ परसात पळाले. बाईंचाही संताप आला. ठाऊक होतं तर आधीच सांगायचं की! परत आले तर अक्का स्टुलावर बसलेली, बाईंच्या हातात पेन. मग अक्का सांगत गेली, मी लिहीत गेले. अनुदान मिळालं. आज त्याच कामावर माझं घर चालतं. चार संस्थांचे प्रस्ताव आणि अहवाल मी बघते. कुठलाही कागद पाठवण्याआधी ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला वाचून दाखवते.

बाईंच्या सुनेनं ते स्टूल मला दिलं. हा लेख पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यात ‘थोर’, ‘निःस्वार्थी’, ‘समाजासाठी झिजलेल्या’ असं बरंच होतं. अक्काला स्टुलावर बसवून वाचून दाखवला. ती म्हणाली, “ही कोण बाई? मी न्हाय वळखत.” फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा वाचला. या खेपेला अक्का बराच वेळ पदरानं डोळे पुसत होती.

“एक ऱ्हायलं बघ,” ती म्हणाली. “तू परसात रडत गेलतीस, तवा मी घरला निघालो हुतो. बाई म्हणल्या, ‘अक्का, चूक झाली. तुमीच सांगा, काय लिवायचं?’ आजपातूर मला असं कुणी इचारलं न्हवतं... त्ये लिव.”

लिहिलं, अक्का.