माझ्या तोंडातलं ‘ग्रँड’

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी एका माणसाला चुकून खोटी आशा दाखवली. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. त्याचं नाव, क्लब काही सांगणार नाही, आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्यात...

मी आयर्लंडमध्ये, पोर्टलीशपासून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या सेंटरमध्ये एमआरआय काढते. दिवसभर गुडघे, पाठी, खांदे. स्कॅन मी काढायचा आणि रिपोर्ट डॉक्टरांनी द्यायचा. पेशंटला निकाल सांगायचा नाही, चेहऱ्यावरही दाखवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम.

तर हा स्कॉटलंडचा फुटबॉलर. वय एकतीस, विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन सुसाट पळणारा. आल्या आल्या मला ‘हेन’ म्हणाला. कोंबडी?! मी बघतच राहिले, तर घाईघाईने म्हणाला, आमच्याकडे बायकांना प्रेमाने म्हणतात हो!

मशीनमध्ये जाण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. अंगात कुठे धातू आहे का, ऑपरेशनं कुठली झाली, वगैरे. बहुतेक लोक ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून मोकळे होतात. याला जागा पुरेना, मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला...

घोट्यातले दोन स्क्रू एकोणिसाव्या वर्षीचे. तेव्हा तो मोठ्या क्लबात होता, पेपरात फोटो यायचे. खांद्याजवळच्या हाडातली पट्टी त्याच्या खालच्या क्लबातली. उजव्या गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन त्याच्याही खालच्या, आणि दुसरं, जिथे दिवसा गोडाऊनमध्ये काम करून संध्याकाळी खेळायचं, तिथलं. अख्खं करिअर माझ्या फॉर्मवर उतरलं.

मार्चमध्ये इथल्या एका क्लबने त्याला सीझनपुरतं घेतलं होतं. पाच मॅच चांगल्या गेल्या, सहाव्यात वळताना गुडघा सटकला. पुढच्या शुक्रवारी खेळलास तर पुढच्या वर्षीचं बोलू, असं मॅनेजर म्हणालेला.

आणि वडील येणार होते. लहानपणी प्रत्येक मॅचला लाइनीच्या कडेला उभे असायचे, पण दुसऱ्या ऑपरेशननंतर यायचेच बंद झाले... बघवत नाही म्हणायचे. त्या शुक्रवारी मात्र बोटीने येतो म्हणाले होते. फक्त स्कॅनचं कळू दे, मग तिकीट काढतो.

पंचवीस मिनिटं मशीन खडखडत होतं आणि मी काचेपलीकडे स्क्रीनसमोर बसले होते. मी डॉक्टर नाही. पण चौदा वर्षं गुडघे बघितल्यावर काही गोष्टी कुणी न सांगता दिसतात. दोनदा नव्याने बसवलेला लिगामेंट पुन्हा तुटला होता, आणि हाडावरची गादी जवळजवळ संपलेली.

आत जाऊन टेबल बाहेर घेतलं. ‘सॉरी, मधे जरा हललो का मी?’ त्याने विचारलं. आणि मी म्हणाले, ‘यू आर ग्रँड, यू आर ग्रँड.’

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. कुणी सॉरी म्हटलं की उत्तर ‘ग्रँड’, म्हणजे असू दे. पाय लागला, ग्रँड. चहा सांडला, ग्रँड. आपण फोनवर ‘बरं, बरं’ म्हणतो ना, तसं. त्या ‘बरं’चा आणि बरं असण्याचा काही संबंध नसतो. इथल्या सहा वर्षांत हा शब्द तोंडात इतका बसलाय की निघतो तेव्हा मला कळतही नाही. त्याला इथे येऊन जेमतेम अडीच महिने झालेले.

पाच मिनिटांनी पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेर आले, तर हा कॉरिडॉरमध्ये फोनवर. वडिलांना ‘डा’ म्हणत होता. ‘अरे डा, बाईंनी स्वतः बघितलंय. ग्रँड आहे म्हणाल्या! काढ तू तिकीट.’ चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

मी तिथेच थिजले. आत पळून जावं असं वाटलं, खरंच सांगते. दोन दिवसांनी रिपोर्ट येईल, डॉक्टर बोलतील, ते त्यांचं काम... पण तोवर हा पळायला गेला तर? आणि तो म्हातारा समुद्र ओलांडून आला तर?

जवळ गेले. म्हटलं, मघाशी मी म्हणाले ते तुमच्या हलण्याबद्दल होतं, गुडघ्याबद्दल नाही. रिपोर्ट डॉक्टर देतील, तोपर्यंत पळू नका. आणि... तिकीट थांबवा.

ते शेवटचं बोलायला नको होतं, नियमात बसत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. समोरच्याच्या डोळ्यांवरून तो कुठे वळणार हे ओळखायचं, यावर त्याचं आयुष्य गेलेलं. त्याला माझा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार?

फोन चालूच होता, पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत होतं. त्याने तो पुन्हा कानाला लावला. ‘डा, थांब जरा. नको काढू तिकीट. नाही रे... माझंच ऐकण्यात चुकलं.’

चूक माझी होती. ती त्याने स्वतःवर घेतली, आणि मी समोर उभी राहून ऐकत होते. इतकी लाज मला कामावर कधी वाटली नव्हती.

बॅग उचलत म्हणाला, ‘सॉरी, हेन. उगाच तुम्हाला अडचणीत टाकलं.’ या देशात सॉरीला एकच उत्तर आहे. ते ओठांपर्यंत आलं होतं... मी दात आवळून गिळलं. नुसतं दार धरून उभी राहिले, आणि तो भिंतीला हात लावत, कडेकडेने पार्किंगकडे गेला.

रिपोर्ट दोन दिवसांनी गेला. मला दिसलं होतं तेच होतं. पुढे त्याचं काय झालं हे मला कळायचं कारण नाही.

तेव्हापासून स्कॅन झाला की मी ‘ऑल डन’ एवढंच म्हणते. इथल्या लोकांना जरा कोरडं वाटतं... वाटू दे. त्या दिवशी त्याला थँक्यू म्हणायचं मात्र राहिलं. तो मराठी वाचणार नाही, तरी इथे म्हणून ठेवते. तुझं ऐकण्यात काही चुकलं नव्हतं रे.