काळ्या पायरीवरची निजाई

मंजिरीच्या भावाचा फोन आला तेव्हा मी अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात केतनभाईंशी भांडत होते. "ताई, मंजू गेली," एवढंच तो म्हणाला. भांडण तिथेच थांबलं... आणि ते भांडणसुद्धा तिच्याच देवीवरून चाललं होतं. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना मंजिरीचं नाव ठाऊक नसेल, पण तिची देवी चांगली ठाऊक आहे. त्या देवीबद्दल एक गोष्ट जाहीर करायचं काम ती माझ्या गळ्यात घालून गेली आहे.

मंजिरी आमच्या गेमसाठी धर्म तयार करायची. हो, पगार घेऊन. मी कोड लिहायचे आणि ती देव घडवायची. वडील रिफायनरीत, घरात आईचं सोवळंओवळं कडक, आणि ही पक्की नास्तिक. देवळात जायची ती चपला कुठे काढतात आणि भिंतीवर तेलाचे डाग किती उंचीपर्यंत चढलेत ते बघायला. ती येण्याआधी आम्ही एका गेमसाठी भलीमोठी पुराणं लिहवून घेतली होती. सृष्टी कशी झाली, कोणता देव कुणाचा मुलगा, कोण कुणाशी लढला, सगळं साग्रसंगीत. खेळणाऱ्यांनी बटण दाबून ते सगळं पुढे ढकललं. मंजिरीने ते वाचलं आणि मला म्हणाली, "अगं, देवाचा जन्म कुणाला हवाय? आधी त्याच्या उपासाला काय चालतं ते ठरव. मग लोकांना देव दिसायला लागतो." मला तेव्हा ती थट्टा वाटली होती.

मग तिने निजाई आणली. गेममधलं गाव कोरडं, पाण्याला एकच वाव, म्हणजे पायऱ्या उतरून जायची विहीर. तिच्या एका काळ्या पायरीवर निजाई झोपलेली आहे असं गाव मानतं. मूर्ती नाही, शेंदूर नाही. बायका पैंजण काढून पाण्याला उतरतात, पोरांना दटावून गप्प करतात आणि काळी पायरी सोडून पुढच्या पायरीवर पाय देतात. वावेच्या तोंडाशी एक म्हातारी बसलेली असते, ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "तिथे पाय नको हं." निजाईच्या दिवशी घरात फोडणी करायची नाही, कारण ती चुरचुरते आणि देवीची झोप मोडते. आता बिनफोडणीचं वरण कोण जेवणार! म्हणून गावातले बडे लोक वेशीबाहेर चूल मांडून फोडणी देऊन आणतात. हे वाचून मी हसले, तर मंजिरी गंभीरपणे म्हणाली, "पळवाट नसली की धर्म खोटा वाटतो."

केतनभाई आमचे मालक. माणूस मनाचा मोठा, पण हिशेबी. "मंजिरीबेन, बधुं सारुं छे, पण आमां प्लेयरने मळे शुं?"

"कशुंय नई," मंजिरी म्हणाली.

"अने पग मूके तो? कंईक तो थवुं जोईए ने!"

"नई थाय."

झालं! जिच्यातून काही मिळत नाही आणि जिच्या पायरीवर पाय दिला तरी काही बिघडत नाही, ती वाव ठेवायची कशाला? केतनभाईंनी ती काढून टाकायचं ठरवलं. "वाव गेली तर मीही गेले," मंजिरी म्हणाली, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. शेवटी एकदा चाचणी घेऊन बघू, असं ठरलं. आमचा हार्दिक नव्या गेममध्ये मोडतोड करून चुका शोधतो, त्याचं कामच ते. भिंतींतून घुसतो, राजालाच विहिरीत ढकलतो. तो वावेत उतरला, म्हातारीचं ऐकलं आणि टुणकन उडी मारून काळी पायरी टाळली. वर येताना पुन्हा टाळली. मागे उभे राहिलेले केतनभाई ओरडले, "अरे, मूक ने पग!" हार्दिक वळूनही न बघता म्हणाला, "ना सर, रिस्क नथी लेवुं." आम्ही सगळे हसलो. मंजिरी उठून बाहेर चहा प्यायला गेली. वाव वाचली होती.

गेम बाहेर आला आणि निजाईची कीर्ती पसरली. पाय दिला तर विहीर आटते, असं एक म्हणे. दुसरा म्हणे, शेवटच्या लढाईत तलवार तुटते. एकाने मुद्दाम पाय दिला आणि काहीही झालं नाही असं लिहिलं, तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, "थांब, पुढे कळेल!" खरं काय ते मंजिरी, केतनभाई आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि विचारणाऱ्याला मंजिरी नुसती हसून दाखवायची.

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. लोक इतकं विचारतात तर नव्या आवृत्तीत एखादी शिक्षा घालूनच टाकू, असं केतनभाईंच्या मनात होतं. मी तिला ते सांगितलं. "शिक्षा घातली की ती देवी नाही, पोलीस," मंजिरी म्हणाली. जरा दम खाल्ला. "मी गेले की लोकांना सांगून टाक, तिथे काही नाही म्हणून."

"बाई, मग पाळेल कोण?"

"ज्यांना पाळायचंय ते. माहीत असून पाळलं तर माझं काम चोख झालं. नाही पाळलं, तर मी नुसती भीती विकली." ती हसत होती. मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत रडले.

त्या फोननंतर केतनभाईंनी शिक्षेचा विषय काढला नाही. "जेम छे तेम रहेवा दो," म्हणाले. तेव्हा आता स्वच्छ सांगते. काळ्या पायरीवर पाय दिला तर काहीही होत नाही. विहीर आटत नाही, तलवार तुटत नाही, पुढेही काही कळत नाही. तिथे कोडची एक ओळसुद्धा नाही.

पण खात्री केल्याशिवाय छापायला द्यायची मला सवय नाही. म्हणून काल दुपारी, ऑफिसातले सगळे जेवायला गेल्यावर, मी गेम उघडला आणि मुद्दाम पाय द्यायला वावेत उतरले. म्हातारी बोलली. तिचा आवाज मंजिरीचा आहे, आम्हीच मीटिंगच्या खोलीत दार लावून तो घेतला होता. "तिथे पाय नको हं."

काळी पायरी समोर होती. बोट बटणावर होतं. ती रिकामी आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी उडी मारली आणि पुढच्या पायरीवर उतरले. बाकीच्यांनी आपापलं बघावं.