चेन यांच्या घरचा मासा

पामर्स्टन नॉर्थहून लेव्हिन साधारण पन्नास किलोमीटर. रस्ता सरळ, डावीकडे तारारुआचे डोंगर. मार्च २००६मधला रविवार होता. गाडी माझा मुलगा निखिल चालवत होता; मी ठाण्याहून परदेशी त्याच्याकडे राहायला आलो होतो. मागे त्याची प्रयोगशाळेतली सहकारी मेई चेन बसली होती. दुसऱ्या दिवशी ती नोकरीसाठी लंडनला निघणार होती. निघण्याआधीचं वडिलांकडचं शेवटचं जेवण आणि त्याला आम्हीही.

"वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, कोबीला पाणी द्यायचंय." ती हसली. "अंकल, जा म्हणावं नाहीतर राहा म्हणावं. एक शब्द हवाय मला."

मेईचे वडील चेन गमबूट घालून कोबी धूत होते. "जेवलीस?" एवढंच त्यांनी मेईला कँटोनीज या त्यांच्या चिनी बोलीत विचारलं; अर्थ तिने मला नंतर सांगितला. मेईने इंग्रजीत उत्तर दिलं आणि बोलणं संपलं. निखिलच्या मित्रांची इथे जन्मलेली मुलंही मराठी प्रश्नाला असंच इंग्रजीत उत्तर देतात.

टेबलावर आलं-कांद्याची पात घालून वाफवलेला अख्खा स्नॅपर (तांबोशासारखा लाल मासा) होता. चव उत्तम. वरची बाजू संपली. आम्ही मूळचे मालवणचे. एक बाजू संपली की मासा उलटायचा, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी मदत म्हणून चमचा खाली घातला.

"नो!" चेन यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "उद्या ती विमानात!"

मेई हळूच म्हणाली, "आमच्यात मासा उलटत नाहीत. प्रवासाला निघालेल्याची नाव उलटते म्हणतात."

"विमानसुद्धा?" निखिलने विचारलं.

"विमानसुद्धा," चेन म्हणाले आणि खाली बघून भात खाऊ लागले. कान लाल झाले होते.

मेई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवला, खालचा मोठा तुकडा वडिलांच्या वाडग्यात घातला आणि कँटोनीजमध्ये काहीतरी म्हणाली. काय, ते मी विचारलं नाही.

महिनाभराने मी ठाण्याला परतलो. एका रविवारी हिने पापलेट तळलं. एक बाजू संपली.

"अहो, उलटा ना आता. खालची तशीच राहिलीय."

"निखिल आज सिडनीला निघालाय ना?"

"हो. मग?"

मी काटा काढून बाजूला ठेवला. निखिलला फोन केला असता, तर 'पोचलास की कळव' यापलीकडे मला काही बोलता आलं नसतं.